किल्लारीनंतरचा गप्प गडी

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. लातूर-उस्मानाबादची किती गावं मातीत गेली! पुढे पंचनामे झाले, गावं दुसरीकडे वसवली. पण ज्यानं आपल्या हातानं लेकरं ढिगाऱ्यातून काढली, त्या बापाच्या मनाचा रकाना कुठल्या पंचनाम्यात होता?

बायका गळ्यात पडून रडल्या. गड्याला मात्र ‘तूच खचलास तर कसं?’ म्हणून गप्प केलं. मग तो बोलला ते भिंतींबद्दल. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, त्यानंच माणसं मारली म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटे, बांधकामाचं बोलतोय. मी म्हणेन, तो त्याचा शोकच होता.

२०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. विदर्भ-मराठवाड्यातले १४ जिल्हे. त्यात लातूर आणि नांदेडही. आशाताई घरोघर विचारपूस करणार. चांगलंच आहे. पण आपल्याकडचा गडी दिवसा घरी सापडतो का, सांगा? तो पारावर. तिथं आधी सोयाबीनचा भाव विचारावा लागतो. मग तो कर्जाचं बोलतो. आणि बऱ्याच वेळानं, खाली बघत, रात्री झोप येत नाही म्हणतो.