गिअरचा दांडा कुठे गेला?

पवईच्या आयआयटी मुंबईत विद्यार्थी जी विद्युत शर्यतगाडी बांधतात, तिला गिअरचा दांडा नसतो. मोटर आरंभापासूनच भरपूर जोर देते. गिअर बदलावे लागत नाहीत.

दांड्याला मोठा धक्का १९८९ मध्ये बसला. तोवर गिअर बदलताना चालकाचा एक हात स्टिअरिंगवरून सुटे. जॉन बर्नार्ड यांनी फेरारी ६४० मध्ये स्टिअरिंगमागेच पॅडल बसवले. ब्राझीलमधील पदार्पणाची शर्यत नायजेल मॅन्सेल यांनी जिंकली. त्या हंगामात पुढे मात्र याच नव्या यंत्रणेने गाडी वारंवार बंद पाडली. १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ मधून पॅडल रस्त्यावर आले.

गिअर झटपट पडू लागले. पण इंजिनाचा आवाज ऐकून क्लच सोडण्याची विद्या मात्र विरत चालली आहे.