डेम्लो ते देवळाली

गेल्या पौषांत आसनगांवास गाडींतून उतरून, शहापुराहून एस. टी. नें आम्ही मुरबाड तालुक्यांतील एका विद्यालयांत व्याख्यानास गेलों. म्हशाची यात्रा नुकतीच उलगडली होती. मुलांचें चित्त ठिकाणावर नव्हतें. म्हणून भाषण बाजूस ठेवून आम्ही एक खेळ सांगितला. प्रत्येकानें मनास येईल ती चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, आणि बाकीवर पुन्हां तेंच करावें. बाकी तीन अंकी आल्यास पुढें शून्य मांडावें. एका मुलीनें ३५२४ घेतली; तिला ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ मिळाली. पुढें वजाबाकी हलेना, कारण ७६४१ उणें १४६७ पुन्हां ६१७४च. थोड्याच वेळांत वह्यावह्यांतून तोच अंक उतरला. शेवटच्या बांकावरील मुलानें ४४४४ घेतली होती. त्याच्या पदरीं शून्य पडलें व हंशा पिकला. चारही अंक सारखे नसले, तर सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ गांठावीच लागते.

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९०५ मध्यें डहाणूस जन्मलेले, ठाण्यास व फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. डोंबिवली स्थानकास पूर्वीं डेम्लो म्हणत. तेथें सुचलेल्या १२१, १२३२१ अशा संख्यांस त्यांनीं डेम्लो संख्या हें नांव दिलें. डेम्लोहून देवळालीस जाणारा लोहमार्ग शहापूर तालुक्यांतूनच कसाऱ्याचा घाट गांठतो, हें आसनगांवास उतरतांना दर वेळीं आमच्या मनांत येतें.

'देवळाली संख्या' तर अधिकच चमत्कारिक. कोणत्याही संख्येंत तिच्या अंकांची बेरीज मिळवा : २१ पासून २४ होते. जी संख्या अशा रीतीनें कोणापासूनच होत नाहीं, ती देवळाली संख्या. ९, २०, ३१, ४२ अशा अकरा-अकराच्या पावलांनीं त्या १०८ पर्यंत चालत येतात. नियम सांपडला म्हणावें, तों पुढली निघते ११० ! मूळसंख्यांचा लहरीपणा ज्यानें अनुभवला आहे, त्यास हें वळण ओळखीचें वाटेल.

आमच्या विद्यार्थिदशेंत या सर्वांस 'अंकांचे चाळे' म्हणण्याची रीत होती, आणि प्राध्यापक झाल्यावर कित्येक वर्षें आम्हीही तेंच म्हणत आलों. इंग्रजी ग्रंथांत न सांपडलेलें तें गणित नव्हे, अशी आमची समजूत. तिला धक्का बसला तो एका इंग्रजी ग्रंथानेंच, ही त्यांतली गंमत.

कापरेकरांस ६१७४ गवसली १९४६ मध्यें. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेंत त्यांनीं ती जाहीर केली. त्याच सुमारास अमेरिकेंत जॉन फॉन नॉयमन यांस नेमकें उलट हवें होतें. अणुगर्भांतून सुटलेल्या न्यूट्रॉनांची भटकंती एनियाक या संगणकावर मांडावयाची, तर यदृच्छेनें आलेल्या संख्या हव्यात. आणि यंत्र तर नेमून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकीत नाहीं. त्यांनीं युक्ति काढली. समजण्यापुरते चार अंक घेऊं : संख्येचा वर्ग करावा, आठ अंकांतील मधले चार उचलावे, तीच पुढची संख्या. बराच वेळ ती माळ बेबंद भासते, आणि मग अकस्मात् खड्ड्यांत पडते. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. मधले चार अंक पुन्हां ३७९२! देवळालीचा शिक्षक ज्या खड्ड्याचा शोध घेत होता, तोच लॉस अलामॉसच्या पंडितास चुकवावयाचा होता. दोघांचें हत्यार मात्र एकच. खड्डे कोठें आहेत हें ठाऊक असल्यावांचून ते चुकवितां येत नाहींत, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास पन्नाशी उलटावी लागली.

पुढें मूळसंख्याच मदतीस आली. १९४९ मध्यें लेहमर यांनीं सुचविलेल्या रीतींत संख्येस गुणून, मोठ्या भाजकानें भागून बाकी तेवढी ठेवतात. भाजक २१४७४८३६४७ व गुणक १६८०७ घेतल्यास दोन अब्जांहून अधिक संख्या एकेकदां भेटल्याखेरीज फेरा पुरा होत नाहीं. तो भाजक अविभाज्य असल्याचें ऑयलरनें १७७२ मध्यें, संगणक कोणाच्या स्वप्नींही नसतांना, दाखविलें होतें.

१९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मध्यें लिहिलें, तेव्हां कापरेकरांचें नांव जगभर झालें. १९८६ मध्यें ते वारले.

व्याख्यान संपल्यावर ४४४४ वाला मुलगा एस. टी. च्या थांब्यापर्यंत आमच्याबरोबर आला. "सर, पांच अंक घेतले तर?" आम्ही सांगितलें, तेथें एक मुक्काम नाहीं, तीन फेरे आहेत, ५३९५५ आणि ५९९९४ तर कायमच्या एकमेकींकडे ये-जा करतात. त्यास तें खरें वाटलें नसावें. गाडी सुटली तेव्हां दप्तर गुडघ्यावर घेऊन तो वजाबाकी करीत बसला होता.