साटीनचा गाऊन आणि उरेब काप

साटीन म्हणजे रेशीम, ही समजूत बरीच रुळलेली आहे. वास्तविक साटीन हा धाग्याचा नव्हे, विणीचा प्रकार आहे. या विणीत ताण्याचा धागा सलग चार किंवा त्याहून अधिक बाण्यांवरून जातो आणि मग एका बाण्याखाली दडतो. असे लांब, मोकळे धागे शेजारी शेजारी पडल्यामुळे कापडाला चकाकी येते. आपल्याकडच्या अतलसाची वीणही हीच. दोन महायुद्धांच्या दरम्यान पॅरिसच्या शिवणगृहांनी या कापडाचे जे ईव्हनिंग गाऊन घडविले, त्यांत बिनीचे नाव मादलेन व्हिओने (१८७६-१९७५) यांचे.

बालवयातच शिवणकामाला लागलेल्या व्हिओने यांनी १९१२ मध्ये स्वतःचे शिवणगृह काढले. पहिल्या महायुद्धात ते बंद पडले, युद्धानंतर पुन्हा उघडले आणि १९२३ मध्ये आव्हेन्यू मोंतेन्यवरील ५० क्रमांकाच्या वास्तूत गेले.

त्यांचे खरे कर्तृत्व उरेब कापात आहे. विणलेले कापड ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढले, तर फारसे ताणले जात नाही. ४५ अंशांच्या कोनात ओढले, की धाग्यांमधले चौकोन तिरपे होतात. कापड लांबीला वाढते आणि रुंदीला आवळते. (हातरुमालावर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल.) शिंप्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते, पण त्याचा उपयोग गोट किंवा गळपट्टीपुरता होई. व्हिओने यांनी अख्खा गाऊन उरेब कापला. मग कॉर्सेटची गरज उरली नाही, आणि अनेकदा हुक-बटणांचीही. गाऊन डोक्यावरून चढवायचा, कापड स्वतःच्या वजनाने अंगावर बसे. अशा कापाला मोठा पन्हा लागतो, म्हणून त्या रुंद कापड खास विणवून घेत. आकार ठरविण्यासाठी कागदावर चित्र न काढता लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लपेटून पाहत.

साटीनवर हे काम अधिकच कठीण. भरतकाम नाही, झालर नाही. शिवण किंचित ओढली गेली, तरी चकाकीमुळे तो दोष लगेच डोळ्यांत भरतो.

तरीही नक्कल करणाऱ्यांचा सुळसुळाट होताच. त्याला आळा घालण्यासाठी व्हिओने यांच्या लेबलवर स्वाक्षरीसोबत अंगठ्याचा ठसा उमटू लागला आणि प्रत्येक नमुन्याची समोरून, बाजूने व मागून छायाचित्रे काढून ठेवली जाऊ लागली. ‘डिनर ॲट एट’ (१९३३) या चित्रपटात जीन हार्लोने घातलेला शुभ्र साटीनचा प्रसिद्ध गाऊन मात्र हॉलीवूडच्या एड्रियन यांचा. पण काप याच घराण्यातला.

या चकाकीमागे हजाराहून अधिक कामगारांचे हात होते. फ्रान्समध्ये पगारी रजेचा कायदा १९३६ मध्ये झाला. व्हिओने यांच्याकडे त्यापूर्वीच पगारी रजा, दवाखाना आणि भोजनगृह होते. गाऊनच्या कौतुकात ही बाब सहसा मागे पडते.

१९३९ मध्ये शिवणगृह कायमचे बंद झाले. १९५२ मध्ये व्हिओने यांनी आपले १२२ पोशाख व छायाचित्रांचे संग्रह दान केले. २००९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. एरवी असे गाऊन टांगून ठेवत नाहीत. ज्या ताणामुळे ते अंगावर खुलतात, त्याच ताणाने टांगलेले कापड हळूहळू लांबत जाते. म्हणून ते आडवे, सपाट ठेवले जातात.