माकडतापाची लस : पुण्यात लागलेला शोध, अपुरे राहिलेले उत्तर

थ्रेड. लसींचा इतिहास आपण शोधाच्या वर्षांनी लक्षात ठेवतो. या कथेतले ते वर्ष १९५७. मात्र खरी कथा त्यानंतरची आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली. आसपासच्या गावांत माणसेही तापाने आजारी पडली. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची चाहूल अशीच लागते, आणि आशियात तर पीतज्वर कधीच आला नव्हता. म्हणून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तेथे पोहोचले. (१९५२ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच डॉ. आंबेडकर रस्त्यावरची आजची एनआयव्ही.)

पीतज्वर नव्हताच. गोचिडींमार्फत पसरणारा एक नवा विषाणू सापडला. त्याचे जवळचे नातलग निघाले थेट रशियाच्या जंगलांत!

या नात्यामुळेच पहिली चूक झाली. रशियन मेंदूज्वराविरुद्ध उंदरांच्या मेंदूपासून केलेली लसच येथे टोचून पाहिली गेली. तिचा उपयोग झाला नाही. विषाणूंचे नाते लसीला पुरतेच असे नाही. पुढे कोंबडीच्या भ्रूणपेशींत खुद्द हाच विषाणू वाढवून, फॉर्मलिनने निष्क्रिय करून लस तयार झाली. कर्नाटकातील १९९०-९२च्या पाहणीत दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ९३ टक्के आढळली.

पण २००५ ते २०१० या काळाच्या अभ्यासात तोच आकडा सुमारे ६२ टक्क्यांवर आला. महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, काही महिन्यांनी वर्धक मात्रा, मग दरवर्षी पुन्हा. शिवाय टोचणी अतिशय वेदनादायक. रोजंदारीवर जंगलात जाणाऱ्या माणसाने हे वेळापत्रक पाळावे, ही अपेक्षाच मला अवास्तव वाटते. टोचून घेणाऱ्याचा विचार प्रयोगशाळेत किती झाला असेल? २०२२ मध्ये लसीचा वापर थांबला.

रोग मात्र थांबला नव्हता. २०१५ मध्ये तो गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. तेथे काजू वेचण्याचा हंगाम आणि बाल-गोचिडींचा हंगाम एकच. लस नसताना उरतात ते जुनेच उपाय : अंगाला गोचीडरोधक तेल, पाचोळ्यात बसणे टाळणे, आणि जंगलात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता तत्काळ आरोग्य केंद्राला कळवणे.