आचेविना घडणारा दागिना : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात घरगुती तारबांधणीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दागिन्यांचा इतिहास बहुतांशी धातूचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. सोने किती तोळे, चांदी कोणत्या कसाची, घाट कोणत्या काळातला, हे प्रश्न अभ्यासकांना प्रथम सुचतात. वस्तुतः दागिना पूर्ण होण्यासाठी दोन कामे व्हावी लागतात : घडविणे आणि गाठविणे. पहिल्या कामाला भट्टी, फुंकणी आणि झाळकाम लागते. दुसऱ्याला लागतात तार, दोरा, चिमटा आणि सरावलेली बोटे. पहिले काम दुकानात झाले, दुसरे अनेकदा ओसरीवर. तारेच्या वेढ्यांत खडा पकडून घरी केली जाणारी पदके, म्हणजे आजच्या भाषेत पेंडंट, ही नव्या काळाची हौस मानली जाते. परंतु तिचे तंत्र या दुसऱ्या, दुर्लक्षित परंपरेशी नाते सांगते. बुलढाणा जिल्हा व त्याचा परिसर यांच्या संदर्भात हे नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तंत्राचे स्वरूप

तारबांधणीत खड्याला वेज पाडले जात नाही आणि कोणताही सांधा झाळला जात नाही. साधारण ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेची चौकट खड्याभोवती वळवितात. सुमारे ०.४ मिलिमीटरची बारीक तार चौकटीवर जवळजवळ वेढून तारा एकत्र बांधतात आणि वरच्या टोकाला कडी काढतात. वाकविताना व पिळताना तार स्वतःच कडक होत जाते. त्यामुळे आचेविना पकड टिकते. तांब्याची किंवा चांदीची तार, गोल तोंडाची पक्कड व कातर एवढ्या साहित्यावर हे काम होते. भट्टी नको म्हणून स्वतंत्र जागा नको, आणि जागा नको म्हणून ते घरात सामावते. तंत्राचे हे वैशिष्ट्यच त्याच्या सामाजिक इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

भूमी आणि मणी

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकाच्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक यांसारखे खनिज पदार्थ तयार होतात. जिल्ह्याच्या सीमेलगत, आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. तेथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांत तेथे विविध प्रकारचे मणी मिळाले. मणी टिकले, ते ओवणारा दोरा टिकला नाही. पुरातत्त्वाच्या पुराव्यातूनही गाठविणाऱ्या हातांची खूण अशी प्रथम पुसली जाते.

गाठविण्याची परंपरा

रेशीम वा सुताच्या दोऱ्यात दागिने गाठवून देण्याचा व्यवसाय पटवेकऱ्यांचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात पटवा या व्यावसायिक जातीची स्वतंत्र नोंद आहे. वऱ्हाडातील गरसोळी, एकदाणी, डोरले या अलंकारांत घडीव भागाइतकेच महत्त्व ओवणीला आहे. पोत तुटली की ती पुन्हा ओवण्याचे काम घरोघरी स्त्रियांनी केले. मात्र त्याला व्यवसायाचे नाव मिळाले नाही.

या परंपरेचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे मराठी नथ. पारंपरिक नथेत मोती बारीक सोन्याच्या तारेत ओवून मुख्य तारेला वेढ्यांनी बांधलेले असतात. मोत्याला आच सोसत नाही. म्हणून त्याच्याजवळ झाळकाम टाळून तारेनेच बांधणी करणे ही तांत्रिक गरज ठरली. प. कृ. गोडे यांनी १९३८ मध्ये भांडारकर संस्थेच्या संशोधन पत्रिकेत नथेच्या प्राचीनत्वाचा शोध घेतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या ग्रंथात अ. स. आळतेकर यांनीही नाकातील अलंकार भारतात उशिरा आल्याचे मत मांडले. या चर्चेचा भर नथ केव्हा आली, यावर होता. नथ कोणी बांधली, हा प्रश्न मागे राहिला.

बाजारपेठ आणि कायदा

१८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ झाली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेला खामगाव तालुका १९०५ च्या पुनर्रचनेत बुलढाणा जिल्ह्यात आला. आज हे गाव चांदीच्या व्यापारामुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. कापसाचा पैसा हाती आला की शेतकरी कुटुंबात त्याचा काही भाग दागिन्यांत साठविला जाई. गरजेच्या वेळी तोच गहाण पडे. अशा व्यवहारात धातूचे वजन हेच मूल्य ठरते. ‘घडणावळ’ हा शब्द पावतीवर स्थिरावला. गाठविण्याची मजुरी बहुधा तिच्यातच विरून गेली.

कायद्याची दृष्टीही वेगळी नव्हती. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई केली आणि असंख्य सोनारांचा रोजगार हिरावला. १९६८ च्या कायद्याने प्रामुख्याने परवानाधारक विक्रेता व प्रमाणित सोनार यांची दखल घेतली; तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. सोनाराचे हाल निदान नोंदले गेले. सोनाराचे काम थांबल्यावर ज्यांच्याकडे गाठविण्यास काही आलेच नसेल, त्यांची मोजदाद करण्याची तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती.

घर हेच कामाचे ठिकाण

महाराष्ट्रात १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे बचत गटांच्या चळवळीने घरगुती उत्पादनाला बळ दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या केल्या जाणाऱ्या कामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. मात्र असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठीच्या २००८ च्या कायद्यात व २०२० च्या संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. व्याख्या झाली म्हणजे गणना झाली असे नव्हे. पदक बांधणारी स्त्री स्वतःच आपल्या कामाला ‘फावल्या वेळचे’ म्हणत असेल, तर प्रगणकाच्या तक्त्यात ती गृहिणीच राहते.

निष्कर्ष

घरगुती तारबांधणीचे तंत्र उपरे नाही. आच न सोसणाऱ्या वस्तूला बांधून धरण्याची जी युक्ती नथेत दिसते, तिचेच ते साधे रूप आहे. भट्टीजवळचे काम कारागिरी आणि ओसरीवरचे काम विरंगुळा, ही विभागणी कौशल्याच्या प्रतीवरून ठरलेली नाही. ती कामाच्या जागेवरून आणि करणाऱ्याच्या स्थानावरून ठरली आहे. वजनाच्या नोंदीतून हा इतिहास हाती लागणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व गृहविज्ञान विभागांनी वृद्ध पटवेकरी आणि घरी पोत ओवणाऱ्या स्त्रिया यांच्या मुलाखती, हत्यारे व गाठींचे प्रकार वेळीच नोंदविणे आवश्यक आहे. दागिना वितळविला तरी त्याचे सोने उरते. गाठ एकदा सुटली की ती कशी मारली होती, हे केवळ मारणाऱ्यालाच ठाऊक असते.