परीचा महाल आणि पानिपतचे मैदान

आमच्या पिढीने दोन लिपींत कादंबऱ्या वाचल्या. उजवीकडून डावीकडे वाचायच्या त्या नसीम हिजाजींच्या, आणि डावीकडून उजवीकडे वाचायच्या त्या हरिभाऊ आपटे, नाथमाधव, रणजित देसाई यांच्या. पुढे विश्वास पाटीलही आले. हिजाजी मोहल्ल्यातल्या लायब्ररीतून रोजच्या भाड्याने मिळत. पुठ्ठा सुटलेला, मधली पाने गहाळ, समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने लिहिलेले ‘सुभानल्लाह’. मराठी कादंबऱ्या शाळेच्या कपाटातल्या किंवा नगर वाचनालयाच्या. दोन्हीकडे घोडे दौडत, तलवारी चमकत आणि दोन्हीकडे शत्रू दगाबाज नि बाईलवेडा असे. मात्र एका कपाटातला शत्रू दुसऱ्या कपाटात नायक होऊन बसलेला असायचा. पानिपतावर आम्ही दोनदा लढलो, दोन्ही बाजूंनी. एका आठवड्यात जिंकलो, दुसऱ्या आठवड्यात हरलो. बारा-तेरा वर्षांच्या वयात याचा अर्थ कोणाला विचारावा, हे समजत नव्हते.

या दोहोंच्या जोडीला तिसऱ्या जातीची पुस्तके होती. हातिमताई, गुलबकावली, अलिफ लैला. परीच्या प्रेमात पडलेला शहजादा, सात सवाल, उडता गालिचा, राक्षसाचा जीव असलेला पोपट. ही मराठीतही होती. अरबी गोष्टी मराठीत आणण्याचे काम १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने हाती घेतले, आणि पुढे गौरी देशपांडे यांनी त्या सबंध १६ खंडांत दिल्या. तरी या पुस्तकांना घरात मान नव्हता. नजीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’मधला बाप आपल्या मुलाची, कलीमची, असली पुस्तके चक्क जाळतो. मुलीच्या रुखवतात हमखास जाणाऱ्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये मौलाना अशरफ अली थानवींनी वाचू नयेत अशा किताबांची यादी दिली आहे, तीत अमीर हमजाची दास्तान, गुलबकावली आणि अलिफ लैला आहेतच. मराठी समीक्षकही याहून फारसे दयाळू नव्हते. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या पानावर बसवून ‘अद्भुतरम्य’ म्हटले, की काम संपले. याउलट लढाईची कादंबरी म्हणजे जवळजवळ इतिहासच. ती हातात दिसली तर वडील रागावत नसत. उलट, मुलगा तवारीख वाचतो म्हणून पाहुण्यांना सांगत.

आमचे मत आज नेमके याच्या उलट झाले आहे. ते का झाले, एवढेच इथे सांगायचे आहे.

दोन्ही प्रकार एकाच हाताने लिहिल्याचे उदाहरण आमच्या दख्खनेतच आहे. विजापूरचा मुल्ला नुसरती हा दुसऱ्या अली आदिलशहाचा दरबारी कवी. त्याने लिहिलेली दखनी म्हणजे आमच्या आजीच्या बोलीची पणजी. मराठीतला ‘च’ जसाच्या तसा घेऊन ‘योंच’, ‘वोच’ म्हणणारी ती भाषा. १६५७ च्या सुमारास त्याने ‘गुलशन-ए-इश्क’ ही मसनवी लिहिली. तीत राजपुत्र मनोहर आणि राजकन्या मधुमालती यांची कथा आहे. पऱ्या झोपलेल्या मनोहरला उचलून मधुमालतीच्या महालात नेतात, दोघांची भेट होते, अंगठ्या बदलतात आणि सकाळी तो परत आपल्याच बिछान्यावर. मग समुद्र, राक्षस, आईच्या शापाने पक्षी झालेली नायिका. ही कथा त्याच्याही शंभर वर्षे आधी मंझन या सूफी कवीने अवधीत गायिली होती. विजापूरच्या मुसलमान दरबारात नायकाचे नाव मनोहर असण्याची कोणाला अडचण वाटली नाही.

मग १६६५ मध्ये त्याच नुसरतीने ‘अलीनामा’ लिहिला. बादशहाच्या लढायांचे हे काव्य. पन्हाळ्याची मोहीम त्यात आहे, आणि शिवाजी महाराजांविषयी कठोर शब्दही आहेत. पगारी कवीने धन्याच्या शत्रूविषयी जे लिहायचे तेच त्याने लिहिले. इकडच्या कवींनी आदिलशाहीविषयी काही वेगळे लिहिले नाही. इतिहासाचे अभ्यासक ‘अलीनामा’ तारखा आणि नावे पडताळण्यासाठी उघडतात. ‘गुलशन-ए-इश्क’चे नशीब वेगळे. आदिलशाही १६८६ साली बुडाली, पण १७४३ मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनंतरही, कोणीतरी हौसेने तिची चित्रांनी भरलेली प्रत करून घेतली. ती आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे.

उर्दूत पहिल्यांदा लढाईची कादंबरी मोठ्या प्रमाणावर लिहिली ती अब्दुल हलीम शरर यांनी. (इकडे मराठीत गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये येऊन गेली होती.) प्रवासात वॉल्टर स्कॉटची ‘टॅलिस्मन’ वाचून ते संतापले आणि उत्तरादाखल १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जिना’ लिहिली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आम्हाला या रागाचे नवल वाटते. स्कॉटने सलाहुद्दीनला वाईट रंगवलेलेच नाही. तो वेषांतर करून हकीम बनतो आणि शत्रूला, म्हणजे रिचर्ड राजाला, बरे करतो. ‘टॅलिस्मन’ हा शब्ददेखील आपला तिलिस्मच. पण परक्याने आपल्या माणसाची स्तुती केली तरी ती वरून खाली येते, आणि तेच शररना झोंबले असावे. त्यांनी जे उत्तर दिले ते मात्र स्कॉटच्याच साच्यात. मुसलमान वीर, ख्रिस्ती सुंदरी, मध्ये क्रूसेड, शेवटी सुंदरी वीराची. पुढे हा साचा त्यांनी इतक्या वेळा वापरला की नायिकेचे नाव वाचूनच शेवट कळावा. मराठीत आणि बंगालीत हाच साचा उलट दिशेने चालला, हे वेगळे सांगायला नको. दोन्हीकडे देश जिंकल्याची खूण म्हणजे एक बाई.

खरा इतिहास याहून गमतीचा होता. ११९१ मध्ये तहाची बोलणी चालू असताना रिचर्डने आपली बहीण सलाहुद्दीनच्या भावाला देण्याचा प्रस्ताव पुढे केला होता, असे सलाहुद्दीनच्या पदरी असलेले इब्न शद्दाद लिहून गेले आहेत. लग्न झाले नाही. पण ज्यांनी ते बोलणे केले ते कोणी कोणाचे जन्माचे वैरी नव्हते. थकलेले राज्यकर्ते होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तह करून लढाई थांबवली.

शररांचे एकच पुस्तक आम्ही पुनःपुन्हा वाचतो. ‘फिरदौस-ए-बरीं’, १८९९ चे. त्यात हसन बिन सब्बाहच्या पंथाचा अलमूत किल्ला आहे. हुसेन नावाचा तरुण आणि त्याची जमुर्रुद डोंगरातल्या वाटेने जात असताना ती नाहीशी होते. मग तिचे पत्र येते, जन्नतमधून! तिला भेटायचे तर अमुक शेखचे ऐकायचे. शेख सांगतो, त्याप्रमाणे हुसेन आपल्याच काकांचा, एका आलिम माणसाचा, खून करतो. बदल्यात त्याला जन्नत दाखवली जाते. कालवे, महाल, हूर, सगळे माणसांनी बांधलेले. शेवटी हुलागूच्या फौजा अलमूतवर चालून येतात आणि जन्नत उद्ध्वस्त होते. परीकथा आणि लढाईची कादंबरी यांची ही एकच गाठ आम्हाला ठाऊक आहे, जिथे लेखकाने आपल्याच वाचकाला सावध केले आहे. शररांनी बाकीच्या वीसेक पुस्तकांत जे विकले, तेच इथे उघडे पाडले.

तो सावधपणा हिजाजींत अजिबात नाही. नसीम हिजाजी (१९१४–१९९६) पाकिस्तानात लिहीत होते, फाळणीच्या जखमेतून लिहीत होते, हे आम्ही विसरत नाही. त्यांची पकडही नाकबूल करता येत नाही. ‘आखिरी चट्टान’ रात्रीत संपवून सकाळी डोळे सुजवून शाळेत गेलेले आमच्यात पुष्कळ आहेत. पण त्यांच्या पुस्तकात मुसलमान हरतो तो केवळ गद्दारामुळे. दुष्काळ, पगार थकणे, वाईट रस्ते, वाईट दारू यांमुळे कधीच कोणी हरत नाही. ‘मुअज्जम अली’मध्ये नायक प्लासीहून निघतो आणि पानिपतावर अब्दालीच्या बाजूने लढतो. ते वाचताना आम्हाला, सोलापूर-औरंगाबादच्या पोरांना, टाळ्या वाजवायच्या होत्या, आणि हात वर येत नव्हते. समोर पडत होते ते आपल्या गावच्या आडनावांचे लोक होते.

मराठी कपाटातही अवघडल्यासारखे व्हायचे. पण तिथे हरिभाऊंनी आम्हाला एकदा थक्क केले. ‘वज्राघात’ ही विजयनगरच्या नाशाची, १५६५ च्या लढाईची कादंबरी. तिच्या मुळाशी रामराजा आणि मेहेरजान यांची प्रीती आहे, आणि तिच्या पोटी झालेला रणमस्तखान आहे. बाप कोण हे ठाऊक नसताना तो बापाच्या विरुद्ध बाजूला उभा राहतो. कथा सर्वस्वी कल्पित. इतिहासात असा रणमस्तखान नाही. तरीसुद्धा त्या लढाईत काय तुटले, हे त्या खोट्या पोराइतके कोणी सांगितलेले नाही. हरिभाऊंनी इथे परीकथेतला जुना डाव, हरवलेल्या मुलाचा, लढाईत आणला.

हे सगळे कागदावरचे आहे, असे कोणी म्हणेल. २००९ साली मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवर अफझलखानाच्या वधाचे चित्र होते. त्यावरून दंगल झाली, आणि ती आसपासच्या गावांत पसरली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सरदार आणि आजचा मिरजेचा रहिवासी यांची गाठ कादंबऱ्या, पोवाडे, नाटके यांनी घातली आहे, बखरींनी नव्हे. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’च्या सातही जिल्दा लढाईनेच भरल्या आहेत. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी त्या छापल्या, आणि त्यांत जादूगार अफ्रासियाबचे लष्करच्या लष्कर अमर अय्यार आपल्या झंबीलमध्ये कोंबतो. त्यांतही काफिर आहेत, मुसलमान आहेत. पण अफ्रासियाबचे वंशज शोधत कोणी कोणाच्या मोहल्ल्यात आले नाही. दास्तान सांगणारा सुरुवातीलाच कबूल करतो की आपण खोटे बोलणार आहोत. लढाईचा कादंबरीकार प्रस्तावनेत साधनांची यादी देतो आणि मग खलनायकाचे डोळे लाल करतो.

आणि साधने काय सांगतात? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती गारदी इब्राहिमखानाच्या हाताखाली होते. फ्रेंच पद्धतीवर तयार झालेला, निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आलेला हा माणूस. मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर याच बाजूला लढला, आणि जखमांनी मेला. अब्दालीच्या बाजूला अवधचा शुजाउद्दौला होता, आणि शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसावी आपल्या नागा बैराग्यांसह होता. या लढाईचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत लिहिला तो शुजाच्या पदरच्या काशीराज पंडिताने. तो दख्खनी ब्राह्मण, आणि लिहिले फारसीत. कादंबरीकाराला अशी पात्रे सुचली असती तर संपादकाने ‘फार जुळवून आणले’ म्हणून छाटली असती.

काशीराज सांगतो, की जखमी इब्राहिमखान शुजाच्या माणसांच्या हाती लागला. शुजाने त्याला लपवून वाचवण्याचा प्रयत्न केला. अब्दालीच्या छावणीत बातमी फुटली, मागणी आली, आणि शेवटी त्याला स्वाधीन करावे लागले. जखमांवर औषधाऐवजी विष लावले गेले आणि तो आठवड्याभरात मेला. त्याच शुजाने विश्वासरावांच्या देहाला अग्नी मिळावा म्हणून शहाकडे रदबदली केली.

हे वाचल्यानंतर आम्ही दोन्ही कपाटांतले पानिपत पुन्हा काढले. ‘मुअज्जम अली’ अर्ध्यावर ठेवली. नायक बोलू लागला की मागून हिजाजींचाच आवाज येत होता. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) शेवटपर्यंत वाचली. तिच्यातही खलनायकांचे रंग गडद आहेत, पण तिथे इब्राहिमखान उपकारापुरता आलेला ‘चांगला मुसलमान’ नाही. तो आपल्या कामात हुशार आहे, भाऊसाहेबांशी सल्लामसलत करतो, आणि दिलेल्या जागेवरून हटत नाही. घरातल्या धाकट्याने विचारले, हा आपल्यातला का? आम्ही हो म्हटले. मग त्याने विचारले, आणि समोरचे? आम्ही तेव्हाही हो म्हटले, आणि कपाटातून ‘गुलबकावली’ काढून त्याला दिली. ‘पानिपत’ तो पुढे वाचेलच.