झोपडपट्टीतील आरोग्य व पोषण (मुंबई)

2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील 50 लाखांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. शहराच्या लोकसंख्येत हा वाटा सुमारे 42 टक्के होता. धारावीचे नाव सर्वतोमुखी असले, तरी आरोग्याची स्थिती तेथल्याहून बिकट आहे ती एम-पूर्व प्रभागातील गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत. शहराचा कचरा 1927 पासून येथल्या देवनार क्षेपणभूमीवर पडत आला आहे. मुंबईच्या 2009 च्या मानवी विकास अहवालात हा प्रभाग सर्वांत तळाला होता.

या वस्त्यांतील कुपोषणाची सुरुवात बहुधा पाण्यापासून होते. पाणी दिवसातून जेमतेम तास-दोन तास येते. नळ्या गटाराला खेटून गेलेल्या असतात. दाब उतरला की फुटक्या सांध्यांतून मैला आत ओढला जातो. मुलाला पुन्हापुन्हा जुलाब होतात, आतड्याचे अस्तर झिजते आणि पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही. त्यामुळे चूल रोज पेटणाऱ्या घरातले मूलही खुरटलेले राहते. साठवणीच्या उघड्या पिंपांत हिवताप आणि डेंग्यूचे डास वाढतात, ते वेगळेच. ठरावीक तारखेनंतर बांधलेल्या झोपड्यांना नळजोडणी दीर्घकाळ नाकारली गेली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये अशा झोपड्यांनाही पाणी देण्याचा आदेश दिला. तरी अनेक गल्ल्यांत आजही पाणी कॅनने विकत घ्यावे लागते, तेही पालिकेच्या दराच्या कितीतरी पट भावाने.

आहारात पिष्ट, साखर आणि तेल भरपूर. डाळ, अंडी, दूध, भाजी बेताची. सकाळी गोड चहा आणि टोस्ट, दुपारी वडापाव, मुलाच्या हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट. याचा दोष आईच्या निष्काळजीपणाला देणे अन्यायाचे आहे. घरकामाला किंवा कचरा वेचायला पहाटे निघालेल्या बाईचे अंगावरचे दूध बाळाला वेळेवर मिळत नाही. गॅस किलोवर भरून आणावा लागतो, पाण्याची रांग असते आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोनदा स्वयंपाक मांडणे कठीण जाते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. पण भाड्याने राहणाऱ्या स्थलांतरितांचे कार्ड अनेकदा गावीच राहिलेले असते. परिणामी एकाच घरात हडकुळे मूल आणि वजन वाढलेली, तरीही रक्तक्षयाने थकलेली आई आढळते; मधुमेह व रक्तदाबही लवकर गाठतात. सार्वजनिक शौचालयात जावे लागू नये म्हणून बायका पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने बेजार होतात.

अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावून घेर मोजते. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो 115 मिमीपेक्षा कमी भरल्यास मूल तीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’, ठरते. 115 ते 125 मिमी असल्यास मध्यम. शीव रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली आणि 1999 मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. वस्तीत घरोघरी जाऊन माता-बालकांवर काम करण्याची तिची पद्धत पुढे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली.

कुपोषण आणि संसर्ग एकमेकांना कसे बळ देतात, हे 2022 च्या गोवरसाथीत दिसले. साथीचा जोर गोवंडीत होता. लस चुकलेल्या आणि अशक्त मुलांना तिचा फटका अधिक बसला. क्षयाचेही तसेच आहे. झोपडी सुटली की तो सुटतो असे नाही: नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींच्या 2018 मधील अभ्यासात दाटीने उभ्या इमारतींतील उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयाचे प्रमाण यांचा संबंध आढळला. क्षयरुग्णांना उपचारकाळात पोषणासाठी केंद्र सरकार 2018 पासून दरमहा 500 रुपये देत होते. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1,000 रुपये झाली.